एक स्ट्रेस इंजिनिअर, तीन पीएम आणि मंजुरी नेमकी कशाची?

मुळाकाठचा | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. इथे प्लॅनिंगमधले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. जरा लांबण लागेल, आधीच माफी.

पुण्यात एका डिझाइन ऑफिसात प्लॅनिंग सांभाळतो. केमिकल प्लांटचं पायपिंग, स्ट्रक्चर, इलेक्ट्रिकल वगैरे. आमच्याकडे माणूस असतो डिपार्टमेंटचा आणि काम असतं प्रोजेक्टचं. म्हणजे पगारवाढ एचओडीच्या (डिपार्टमेंट प्रमुखाच्या) हातात आणि शिव्या पीएमच्या (प्रोजेक्ट मॅनेजरच्या). सगळे प्लॅन एमएस प्रोजेक्टमध्ये, त्याच्याच वेबवरच्या भावाला म्हणजे प्रोजेक्ट ऑनलाइनला जोडलेले. माणसांची यादी सगळ्यांना मिळून एकच.

गेल्या महिन्यात जे झालं ते असं. पायपिंग स्ट्रेसचं (पाइपवर येणारा ताण तपासण्याचं) काम एकहाती करू शकतील असे आमच्याकडे दोघंच, त्यातल्या एक मॅडम. एका पीएमने त्यांना सहा तारखेपासून दोन आठवडे ५०% लावलं. दुसऱ्याने त्याच संध्याकाळी उपलब्धता बघितली, मॅडम पूर्ण मोकळ्या दिसल्या, त्याने ६०% लावलं. पहिल्याने प्लॅन सेव्ह केला होता, पब्लिश केला नव्हता. नुसतं सेव्ह केलेलं बाकीच्यांच्या हिशेबात येतच नाही. तिसरे पीएम जुने, ते सॉफ्टवेअरच्या वाटेला जात नाहीत. त्यांनी एचओडींना लिफ्टमध्ये गाठलं आणि "तीन दिवस द्या" म्हणून होकार घेतला.

सहा तारखेच्या सकाळी मीटिंगमध्ये तिघेही म्हणाले, मॅडम आजपासून माझ्याकडे. मॅडम समोरच बसलेल्या. त्या म्हणाल्या, "हरकत नाही, डबा कुणाच्या टेबलावर खायचा तेवढं ठरवा."

मग वरून फर्मान आलं, मंजुरीशिवाय कुणालाही कुठेही लावायचं नाही. मी माणसांच्या सेटिंगमध्ये जाऊन 'सर्व नेमणुकांना मंजुरी आवश्यक' या अर्थाची जी चौकट असते तिथे खूण केली. वाटलं, आता सॉफ्टवेअर अडवेल. कसलं काय! पीएम अजून खुशाल नाव टाकतो, तास टाकतो, पब्लिश करतो. फक्त एक इशारा दिसतो, आणि तो कुणी बघत नाही. माझं काही चुकतंय का?

जुना_प्लॅनर | सोमवार, रात्री १०.३५

तुमचं काहीही चुकलेलं नाही. ते अडवत नाहीच, फक्त बोंब मारतं. या गोष्टीवर मी स्वतः एक अख्खा शनिवार घालवला आहे.

मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना आपण 'माणूस लावणं' म्हणतो, तिथे घोळ होतो. असाइनमेंट म्हणजे अमुक टास्कवर अमुक माणूस. एंगेजमेंट म्हणजे अमुक माणूस या प्रोजेक्टला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, इतके टक्के किंवा इतके तास. टास्कचं नावसुद्धा त्यात नसतं. पूर्वी रिसोर्स प्लॅन नावाचा प्रकार होता, प्रोजेक्ट सर्व्हर २०१६ च्या पिढीत त्याच्या जागी हे एंगेजमेंट आलं. मंजुरी मिळते ती याला, टास्कला नाही.

रस्ता असा: पीएम डेस्कटॉपवर रिसोर्स प्लॅनचा व्ह्यू उघडून एंगेजमेंट तयार करतो, तेव्हा तो ड्राफ्ट असतो. सबमिट केला की प्रपोज्ड. मग एचओडी वेबवर रिसोर्स रिक्वेस्टच्या पानावर जाऊन मान्य करतात किंवा परत पाठवतात. मान्य झाला की कमिटेड. यात सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय म्हणजे मान्य करताना एचओडी तारखा आणि टक्के बदलू शकतात. तुम्ही ५०% मागा, ते ३०% करून देतील. बाजारातल्या घासाघिशीसारखंच, फक्त लेखी.

आता टास्कवर लावलेले तास या मान्य चौकटीच्या बाहेर गेले तर इशारा येतो. बस्स. पुढे काय करायचं ते ऑफिसने ठरवायचं. कुलूप तुम्हालाच लावावं लागेल, सॉफ्टवेअर फार तर दार उघडं असल्याचं सांगेल.

कॅलेंडरवाली | मंगळवार, सकाळी ८.१०

जुना_प्लॅनर यांच्याशी सहमत. एक भर घालते. तुमच्या एचओडींना 'अप्रूव्हल सेंटर'चं पान दाखवू नका, नाहीतर ते महिनाभर तिथेच बसतील. ते पान टाइमशीट आणि टास्कच्या प्रगतीच्या मंजुरीचं आहे. आमच्या सरांनी तीन आठवडे रोज ते उघडून "माझ्याकडे काही पेंडिंग नाही" असं सांगितलं, आणि दुसऱ्या पानावर विनंत्यांचा ढीग लागला होता. नावं अशी ठेवली आहेत की माणूस चुकणारच.

भोसरीचा_फोरमन | मंगळवार, दुपारी १.२०

आमचं फॅब्रिकेशनचं शॉप. वेल्डिंग इन्स्पेक्टर एक, जॉब सात. भिंतीवर पांढरा बोर्ड, वर वार लिहिलेले, खाली जॉब, आणि इन्स्पेक्टरच्या नावाचं लोहचुंबक एकच. एकच असल्यामुळे दोन ठिकाणी चिकटत नाही. चुंबक हलवायचा तर माझ्या केबिनमध्ये यावं लागतं.

तुमचं लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर बघून हसू आलं, राग मानू नका.

जुना_प्लॅनर | मंगळवार, दुपारी १.४५

फोरमनसाहेब, राग कसला. तुमच्या चुंबकात जी गोष्ट आहे तीच त्यांच्याकडे नाही. चुंबक अर्धा करता येत नाही! इथे ५० + ६० असे ११० टक्के झाले तरी सॉफ्टवेअर नाव लाल करून गप्प बसतं.

मुळाकाठचा | शुक्रवार, रात्री ११.०५

सर्वांचे आभार. अपडेट देतो, आणि तो फारसा चांगला नाही.

मी सगळ्या पीएमना एंगेजमेंट करायला लावले. पहिल्या चार दिवसांत ६३ विनंत्या गेल्या. त्यातल्या २२ मान्य झाल्या, ४१ तशाच पडून आहेत. एचओडींना विचारलं तर म्हणाले, "अरे, एकेका ड्रॉइंगसाठी विनंती पाठवतात. 'पंप हाऊस, लाइन क्रमांक अमुक, ६ तास'. मी काय दिवसभर हेच करत बसू?" त्यांचंही खरं आहे. पीएम लोकांनी आपली टास्कची यादी उचलून तशीच एंगेजमेंटमध्ये ओतली.

दुसरं, या ४१ मुळे कामं थांबलीत असं पीएम म्हणतात. म्हणजे आधी तीन पीएम एका माणसाला ओढत होते, आता तिघेही हात बांधून बसले आहेत आणि मॅडम खरोखरच मोकळ्या आहेत. काल दुपारी त्या जुन्या फाइल्स लावत बसल्या होत्या.

उत्तर आलं नाही तर किती दिवस थांबायचं? आणि मग होकार समजायचा की नकार?

कॅलेंडरवाली | शनिवार, सकाळी ७.३०

६३ हा आकडा बघूनच कळलं. एका माणसाची एका प्रोजेक्टच्या एका टप्प्यासाठी एकच विनंती, असा नियम करा. "बेसिक इंजिनिअरिंग, ४ ते २९ तारीख, ४०%", झालं. आत टास्क कसे वाटायचे तो पीएमचा प्रश्न, एचओडीला त्याच्याशी घेणंदेणं नाही. आमच्याकडे एका आठवड्यापेक्षा लहान विनंतीच घेत नाहीत. दोन तासांची मदत हवी असेल तर उठून जाऊन विचारावं आणि चहा पाजावा.

न उत्तरलेल्या विनंतीचं: आमच्याकडे तीन कामाचे दिवस. तीन दिवसांत उत्तर नाही तर होकार. हा नियम लावल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांनी स्वतः रोज सकाळी साडेनऊला पान उघडायला सुरुवात केली. न बोलता आपली माणसं जात आहेत म्हटल्यावर कोण गप्प बसेल?

जुना_प्लॅनर | शनिवार, सकाळी ९.००

इथे माझा ठाम विरोध नोंदवून ठेवा. गप्प राहणं म्हणजे होकार, हे ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा पहिला बळी एचओडी नसतो. तो माणूस असतो. समजा एचओडी साइटवर गेले, नेटवर्क नाही, तीन दिवस गेले, दोन पीएमच्या दोन विनंत्या आपोआप 'मान्य' धरल्या. झाले पुन्हा १०० च्या वर. तुमचा मूळ रोग परत, आता मंजुरीच्या शिक्क्यासकट. नंतर भांडायचीही सोय नाही, कारण दोघांकडे होकार आहे.

आणि तांत्रिक बाजू: सॉफ्टवेअर स्वतःहून तीन दिवसांनी प्रपोज्डचं कमिटेड करत नाही. म्हणजे कुणीतरी, बहुधा मुळाकाठचा, एचओडींच्या नावाने बटण दाबणार. ते कधीही करू नका. एकदा केलं की सगळ्या वादात तुमचं नाव येईल.

माझं म्हणणं, उत्तर नाही म्हणजे नकार. पण तीन दिवसांनी विषय एचओडींच्या वर जायला हवा, आपोआप. आणि मंजुरीचा अधिकार एकाऐवजी दोघांना द्या. एचओडी नसतील तेव्हा लीड बघेल.

कॅलेंडरवाली | शनिवार, सकाळी ९.२५

वर म्हणजे कुणाकडे? आमच्याकडे वर गेलेला विषय परत खाली यायला दोन आठवडे लागतात. तोवर क्लायंट फोन करून जीव घेतो.

साइटवर जाणाऱ्या एचओडीचा मुद्दा मात्र मान्य. आमचे सर ऑफिस सोडून कुठे जात नाहीत, म्हणून आमचं चालतं बहुतेक.

नाशिकचा_निळू | शनिवार, दुपारी १२.१५

मध्येच घुसतो. आमच्याकडे सर्व्हर-बिर्व्हर नाही, साधं डेस्कटॉप प्रोजेक्ट. माणसांची एक पूल फाइल (सामाईक यादी), बाकी सात प्लॅन तिला जोडलेले. आम्हाला मंजुरीची काही सोय आहे का?

जुना_प्लॅनर | शनिवार, दुपारी १२.४०

नाही. एक जुगाड सांगतो. पूल फाइल उघडताना तो विचारतो, फक्त वाचण्यासाठी की बदल करण्यासाठी. बदल करण्यासाठी एकाने उघडली की बाकीच्यांना तिच्यात बदल बंद. तर पूल अद्ययावत करायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, आठवड्यातून एकदा, समजा सोमवारी सकाळी. पीएमनी त्याआधी आपापले आकडे द्यायचे. मंजुरी तोंडी, पण पूलमध्ये जे चढलं तेच खरं. फोरमनसाहेबांचं चुंबकच म्हणा ना.

अर्धी_इकडे_अर्धी_तिकडे | शनिवार, रात्री १०.१०

बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. मी दुसऱ्या कंपनीत आहे, पण काम तेच, स्ट्रेस ॲनालिसिस. म्हणजे या धाग्यात ज्या 'रिसोर्स'ची वाटणी चालली आहे ती मीच, असं समजा.

तुम्ही सगळे टक्क्यांत बोलता. मला मंजुरी मिळते ती अशी: 'दोन आठवडे, २०%'. ऐकायला किती सोपं. दहा दिवसांत १६ तास. सॉफ्टवेअर ते सपाट पसरतं, म्हणजे रोज १ तास ३६ मिनिटं. सकाळी मॉडेल उघडायचं, लोड केस कुठे सोडले होते ते आठवायचं, नोझलवरचे लोड मर्यादेच्या बाहेर का गेले ते शोधायला लागायचं आणि तेवढ्यात वेळ संपली, आता दुसऱ्या प्रोजेक्टचं ३०% सुरू. असं कुणी काम करू शकतं का? एक लाइन नीट बसवायला सलग दीड-दोन दिवस लागतात. सपोर्ट हलवायचा, पुन्हा रन, पुन्हा बघायचं.

माझ्या नावावर एकदा चार प्रोजेक्ट होते, २०, ३०, ३० आणि २०. बेरीज बरोब्बर १००. सगळे मान्य, सगळे हिरवे, कुणाचीच तक्रार नाही. आणि त्या महिन्यात माझ्याकडून एकही कॅल्क्युलेशन वेळेवर गेलं नाही. ज्यांनी मंजुरी दिली त्यांच्या मते मी ओव्हरलोड नव्हतेच.

आता मी सरांना सांगून ठेवलं आहे, टक्के नका देऊ, वार द्या. सोमवार-मंगळवार या प्रोजेक्टला, बुधवार ते शुक्रवार त्या. एंगेजमेंट तशीच तोडून करता येते, अमुक दोन दिवस १००%. पीएमना कटकट होते हे माहीत आहे. होऊ दे.

अजून एक. विनंती मान्य झाली की पीएमला कळतं. मला कळतं ते मीटिंगमध्ये.

मुळाकाठचा | शनिवार, रात्री १०.३०

हे वाचून गप्प झालो. आमच्या मॅडमना मी एकदाही विचारलेलं नाही. सोमवारी विचारतो.

कॅलेंडरवाली | रविवार, सकाळी ८.००

वारांचं मला पटलं, पण विनंत्यांची संख्या पुन्हा वाढणार हे लक्षात घ्या. महिन्याला एका माणसामागे एकाऐवजी चार-पाच. ६३ वर ओरडणाऱ्या एचओडींना हे कसं विकणार? मला वाटतं ज्यांचं काम सलग लागतं अशा दोघा-तिघांपुरतंच करावं. ड्राफ्ट्समनना टक्के चालतात.

श्टुटगार्टकर | रविवार, दुपारी ४.२०

इकडची गंमत. आमच्याकडे असं काहीही सुरू करायचं तर आधी बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांचं निवडून आलेलं मंडळ, त्यांची संमती लागते. ज्या यंत्रणेतून कर्मचाऱ्याच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवता येईल ती बसवताना त्यांना सहनिर्णयाचा हक्क कायद्यानेच आहे. कोण किती भरलेला आहे हे रंगांत दाखवणारं पान कुणाकुणाला दिसावं यावर आमची पाच महिने चर्चा चालली. शेवटी ठरलं की पीएमला फक्त स्वतःच्या प्रोजेक्टचे आकडे आणि 'मोकळा किती' एवढंच दिसेल. तेव्हा चिडलो होतो. आता वरचा प्रतिसाद वाचल्यावर वाटतं, त्या मंडळात एखादी स्ट्रेस इंजिनिअर असावी.

पण मुळाकाठचा, एक महत्त्वाचं कुणी बोललं कसं नाही? प्रोजेक्ट ऑनलाइन ३० सप्टेंबर २०२६ ला बंद होतंय. तुम्ही जे एंगेजमेंटचं बस्तान बसवताय ते उचलून कुठे नेणार?

जुना_प्लॅनर | रविवार, संध्याकाळी ६.५०

बरं झालं काढलंत. डेस्कटॉप राहतोय, पण मंजुरीचा सगळा कारभार ऑनलाइनच्या बाजूला आहे. पर्याय माझ्या माहितीत तीन. मायक्रोसॉफ्टचा 'प्लॅनर' नावाचा नवा प्रकार, पण तिथे एंगेजमेंटसारखी मागणी-मंजुरी नाही, त्यामुळे तुमच्या कामाचा नाही. स्वतःच्या सर्व्हरवर प्रोजेक्ट सर्व्हरची सबस्क्रिप्शन एडिशन, तिथे हेच जसंच्या तसं चालेल, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा. मात्र जुना २०१६ किंवा २०१९ बसवू नका, त्यांचा सपोर्ट १४ जुलै २०२६ पर्यंतच. तिसरा मायक्रोसॉफ्टच्याच डायनॅमिक्समधला प्रोजेक्ट ऑपरेशन्स. तिथे मागणीची रचना वेगळी आहे: पीएम नाव न घेता 'एक स्ट्रेस इंजिनिअर, इतके तास' अशी गरज पाठवतो, एचओडी नाव सुचवतात, पीएम ते स्वीकारतो. कच्चं बुकिंग आणि पक्कं बुकिंग असे दोन प्रकारही आहेत. मला ते जास्त बरं वाटतं, कारण 'मला त्याच मॅडम हव्यात' हा हट्ट तिथे पहिल्याच पायरीला गळतो. पण खर्चिक आहे.

काहीही घ्या, नियम आत्ताच कागदावर ठरवा. एक विनंती किती मोठी, उत्तर किती दिवसांत, नाही आलं तर काय, अधिकार कुणाला. ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नेता येतात. सॉफ्टवेअर आधी घेऊन मग नियम शोधायला गेलात तर पुन्हा सहा तारीख उजाडेल.

भोसरीचा_फोरमन | रविवार, रात्री ८.०५

माझा बोर्ड कधी बंद होणार नाही. :)

मुळाकाठचा | गुरुवार, रात्री १०.१५ (साडेतीन आठवड्यांनी)

धागा वर काढतो. काय केलं ते सांगायला.

६३ विनंत्यांपैकी पडून राहिलेल्या सगळ्या परत पाठवल्या. आता टप्प्यागणिक एक. फक्त दोघा स्ट्रेसवाल्यांसाठी आणि एका रिले प्रोटेक्शनवाल्यासाठी वार ठरवून. मंजुरी एचओडी आणि लीड, दोघांकडे. तीन दिवसांत उत्तर नाही तर नकार, आणि त्या विनंत्यांची यादी दर सोमवारी डायरेक्टरांच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचली जाते. कॅलेंडरवाली, तुमचा होकाराचा नियम डायरेक्टरांना फार आवडला होता, कसाबसा परतवला. पहिल्या सोमवारी यादीत नऊ नावं होती, या सोमवारी एक.

रोज रात्री सगळे प्लॅन पब्लिश झालेत का हे मी बघतो. ज्याचा राहिला त्याला सकाळी फोन. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मा घोळ यातच होता असं आता वाटतं.

जुने पीएम अजून लिफ्टमध्येच विचारतात. पण एचओडी आता "टाका तिथे" म्हणतात आणि ते पीएम माझ्याकडे येऊन मला टाकायला लावतात. चालतंय तेवढं.

मॅडमना विचारलं. त्यांनी सोमवार ते बुधवार एका प्रोजेक्टला आणि गुरुवार-शुक्रवार दुसऱ्याला मागितले. तिसऱ्या प्रोजेक्टला त्यांनी नाही म्हटलं, एचओडींनी ते तसंच मान्य केलं. तिसरा पीएम माझ्याशी बोलत नाही सध्या. तिथे काय करायचं ते अजून सुचलेलं नाही, दुसरे स्ट्रेसवाले पण भरलेले आहेत. बाहेरून माणूस घ्यायचं चाललंय.

एका विनंतीवर एचओडींनी मंजुरीच्या शेऱ्यात लिहिलं आहे: "दिले. गौरींच्या तीन दिवसांत नाही."

अर्धी_इकडे_अर्धी_तिकडे | गुरुवार, रात्री १०.४०

शेऱ्यात लिहून काय उपयोग? कॅलेंडरमध्ये सुट्टी टाकलीत का? नाहीतर पुढच्या वर्षी उपलब्धता बघणाऱ्याला त्या तीन दिवसांत त्या मोकळ्याच दिसतील.

मुळाकाठचा | गुरुवार, रात्री १०.५५

टाकली. कंपनीच्या कॅलेंडरमध्ये नाही, त्यांच्या स्वतःच्या. पुढच्या वर्षीच्या तारखाही टाकून ठेवल्या.